चिलिकाचे डॉल्फिन: पाठलाग नको, वाट पाहा

भिलाईतल्या मुलांना पांढऱ्या वाघाचं फारसं अप्रूप नसतं. मैत्री बागेचं तिकीट काढायचं, पिंजऱ्यासमोर जायचं, वाघ तिथे असतोच. झोपलेला का असेना, पण असतो. म्हणूनच सुट्टीत समुद्राकडे निघताना मुलं विचारतात, "डॉल्फिन नक्की दिसेल ना?" आणि आपणही सहज सांगून टाकतो, "हो रे, नक्की!"

हे "नक्की" डॉल्फिनला किती महाग पडतं, ते होडीत पाय ठेवण्याआधी माहीत करून घ्या.

शिवनाथचं पाणी पोहोचतं तिथे

भिलाई-दुर्गकरांना डॉल्फिन पाहायला सोयीचं ठिकाण म्हणजे ओडिशातलं चिलिका सरोवर. दुर्गहून पुरीला थेट रेल्वे आहे. पुरीपासून सुमारे ५० किलोमीटरवर सातपाडा हे गाव आहे आणि तिथल्या धक्क्यावरून होड्या सुटतात.

चिलिकाशी आपलं एक नातंही आहे. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ पुढे महानदीला मिळते. महानदी हिराकूड ओलांडून कटकजवळ फाटे फोडते आणि त्यातल्या दया आणि भार्गवी या शाखा चिलिकात उतरतात. पावसाळ्यात आपल्या पुलाखालून गेलेल्या पाण्यातलं थोडं पाणी त्या डॉल्फिनच्या अंगावरून जात असेल! मुलांना निघण्याआधी नकाशावर ही वाट बोटाने दाखवा. प्रवासाची निम्मी मजा तिथेच सुरू होते.

नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी इथे एकत्र येतं. १९८१ मध्ये चिलिकाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत स्थान मिळालं. पुढे गाळ साचून समुद्राकडची वाट बुजत गेली, खारेपणा घटला, मासळी रोडावली आणि १९९३ मध्ये सरोवराची नोंद धोक्यात आलेल्या पाणथळींमध्ये झाली. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं मुख खोदण्यात आलं. सरोवर सावरलं आणि २००२ मध्ये त्या धोक्याच्या यादीतून बाहेरही पडलं.

हा डॉल्फिन उड्या मारत नाही

टीव्हीवर दिसणारा, लांब चोचीचा, हवेत कोलांटी मारणारा डॉल्फिन इथे शोधू नका. चिलिकात राहतो तो इरावडी डॉल्फिन. गोल डोकं, चोच नाही, राखाडी अंग आणि पाठीवर छोटासा पर. तो श्वास घ्यायला वर येतो, "फुस्स" असा आवाज होतो, क्षणभर पाठ दिसते आणि पाणी पुन्हा सपाट. जगभरात ही जात संकटात आहे. चिलिकात अलीकडच्या गणनांमध्ये त्यांची संख्या दीडशेच्या आसपास आढळली आहे. म्हणजे आपल्या गल्लीतल्या एखाद्या लग्नातही याहून जास्त माणसं जेवतात.

डॉल्फिन कानाने जगतो. तो आवाज सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा, जाळं, पिल्लू ओळखतो. चार-पाच होड्या इंजिन धडधडत त्याच्याभोवती फिरू लागल्या, की बाजारपेठेतल्या लाउडस्पीकरखाली उभं राहून कुजबुज ऐकण्यासारखी त्याची गत होते. शिवाय फिरत्या पंख्याची पाती अंगाला लागण्याचा धोका असतोच. मासेमारीच्या जाळ्यात अडकून मरण्याचं संकट तर वेगळंच.

होडीवाल्याला काय सांगाल?

पाठलाग होतो तो बहुतेक वेळा आपल्यामुळे. "पैसे दिलेत, अजून जवळ घ्या," असं होडीतून कुणीतरी म्हणतं. होडीवाल्याचं पोट या फेरीवर असतं. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून तो इंजिन वाढवतो. म्हणून आपणच आधी सांगायचं.

• होडी सुटण्यापूर्वीच सांगा, "दादा, नाही दिसला तरी चालेल. जवळ नेऊ नका."

• डॉल्फिन दिसला की वेग कमी करायला किंवा इंजिन बंद करायला सांगा. ऑस्ट्रेलियात होडीने डॉल्फिनपासून किमान ५० मीटर दूर राहावं असा दंडक आहे. तेवढं अंतर मनात धरा.

• त्याच्या वाटेत आडवं जाऊ नका. सोबत पिल्लू असेल तर आणखी लांब राहा.

• आधीच दोन-तीन होड्या थांबल्या असतील, तर आपली तिथे घुसवू नका.

• लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, आजी-आजोबांनीसुद्धा. टोपी, पाणी आणि उलटीची गोळी जवळ ठेवा.

• वेफर्सची पाकिटं परत आणा, पाण्यात काहीही टाकू नका.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा सुखद असते आणि लांबून आलेले हजारो पक्षीही याच दिवसांत सरोवरावर असतात. शक्यतो सकाळची फेरी घ्या. वाटेतल्या बेटावर शिंपल्यातून "ताजा मोती" काढून दाखवणारे भेटतील. गंमत पाहा, पाकीट सांभाळा.

गुहा पाहायच्या असतील तर

कोकणात नातेवाईक असतील आणि समुद्री गुहांची ओढ असेल, तर वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातली खडकाळ बेटं ठाऊक असू द्या. तिथल्या गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. परदेशात या घरट्यांचं सूप करतात, म्हणून इथली घरटी चोरीला जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ती वाचवण्यासाठी काम केलं आहे. तिथेही नियम तोच: गुहा होडीतून, लांबूनच पाहायची.

मग मुलांना काय सांगायचं?

पुढच्या वेळी "नक्की दिसेल ना?" असं विचारलं, तर सरळ सांगा, "तो पिंजऱ्यात नाही रे. त्याला वाटलं तर येईल. आपण त्याच्या घरी चाललोय."

मग होडीत इंजिन बंद करून पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा. मोबाइल खाली ठेवा. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज ऐका. कदाचित डावीकडे "फुस्स" होईल आणि सगळ्यात आधी ते घरातलं धाकटं मूल ऐकेल. नाहीच झालं, तरी एखाद्या प्राण्याची त्याच्या मर्जीने वाट पाहणं म्हणजे काय, ते त्याला कळलेलं असेल. पिंजऱ्यासमोर उभं राहून ते शिकता येत नाही.