दिसू लागलेली लसीका

ग्वाल्हेरला लागून असलेल्या दतिया जिल्ह्याची गणना मध्य प्रदेशातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत होत आली असून, क्युलेक्स डासामार्फत पसरणाऱ्या या रोगाचा विचार तेथे मुख्यतः डास, जंत आणि गोळ्या यांच्या अंगाने झाला आहे. डासांना दूर ठेवणारे ‘डेपा’ हे रसायन ग्वाल्हेरच्याच संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत तयार झाले, ही त्या दिशेची मोलाची भर होय; परंतु हा जंत शरीरात जेथे घर करतो ती लसीकासंस्था मात्र वैद्यकाच्या नजरेपासूनही दीर्घकाळ दूर राहिली, आणि जे दिसत नाही त्यावर नेमका उपचार करता येत नाही.

रक्ताच्या केशवाहिन्यांतून ऊतींमध्ये झिरपलेला आणि तेथेच उरलेला द्रव, प्रथिनांसह गोळा करून पुन्हा रक्तात नेणे हे या संस्थेचे काम असून, त्या द्रवाला लसीका म्हणतात. आतड्यांत शोषलेली चरबी मिसळली की ती दुधासारखी पांढरी होते, तिला काइल हे नाव आहे. हा सारा प्रवाह प्रामुख्याने छातीतील वक्षवाहिनीतून मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या शिरेला मिळतो. बहुतेक लसीकावाहिन्या अतिशय बारीक आणि त्यांतील द्रव बव्हंशी रंगहीन, त्यामुळे साध्या क्ष-किरणात त्यांचा मागमूस लागत नाही.

१९५२ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक किनमंथ यांनी पायात निळा रंग टोचून वाहिनी ओळखण्याची व तिच्यात थेट क्ष-किरणरोधी द्रव्य सोडण्याची रीत मांडली. ती प्रभावी असली तरी फार वेळखाऊ होती. पुढे बोटांच्या बेचक्यात टेक्नेशियमयुक्त किरणोत्सारी द्रावण टोचून त्याचा प्रवास गॅमा कॅमेऱ्याने टिपणारी लिम्फोसिंटिग्राफी आली, आणि अलीकडे सोनोग्राफीच्या मदतीने जांघेतील लसीकाग्रंथीतच सुई घालून तैलयुक्त द्रव्य सोडण्याची सोपी पद्धत रूढ झाली. हत्तीरोगाच्या बाबतीत तर साध्या सोनोग्राफीनेच मोठे काम केले: १९९४ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी वृषणकोशाच्या लसीकावाहिन्यांत वळवळणारे जिवंत जंत पडद्यावर दाखवले.

प्रवाहाचा नकाशा हाती आल्याने उपचाराचे स्वरूपही बदलले. शस्त्रक्रियेत किंवा अपघातात वक्षवाहिनी फाटली की काइल छातीत साचते आणि रोगी झपाट्याने खंगतो. पूर्वी अशा वेळी छाती उघडण्यावाचून फारसा मार्ग नसे. अमेरिकेतील कॉन्स्टंटिन कोप यांनी १९९० च्या दशकात पोटातून बारीक सुई वक्षवाहिनीच्या मुळाशी नेऊन, तीतून नळी सरकवून, गळती धातूच्या वेटोळ्यांनी आतूनच बंद करण्याचे तंत्र विकसित केले. आज वैद्यकीय गोंदही वापरला जातो.

हत्तीरोगाच्या पट्ट्याशी अधिक जवळचा विकार म्हणजे दुधाळ लघवी, म्हणजेच काइल्युरिया. हत्तीरोगाच्या जंताची सूक्ष्म अपत्ये १८७० मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांना अशाच लघवीत आढळली होती. लसीकावाहिन्या तुंबून मूत्रपिंडाजवळ फुटल्या की काइल लघवीत उतरते, आणि चरबी व प्रथिने वाहून जाऊन माणूस अशक्त होतो. आहारातील चरबी कमी करून भागले नाही, तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्रपिंडाच्या पोकळीपर्यंत पातळ पोव्हिडोन आयोडीनसारखे द्रावण पोहोचवतात, जे गळणाऱ्या सूक्ष्म वाटा बुजवते. टाका न घालता होणारा हा उपचार अधिक रुग्णांपर्यंत पोहोचायला हवा.

सुजलेल्या पायाची गोष्ट अधिक अवघड आहे. मिलीमीटरहूनही अरुंद लसीकावाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारच्या शिरेला जोडता येते, स्तनाच्या कर्करोगानंतर सुजलेल्या हातालाही त्याचा लाभ होतो. मात्र त्वचा व खालची ऊती कठीण होण्यापूर्वी हे केले तरच त्याचा पुरेसा उपयोग होतो. शिवाय स्वच्छता, पट्टी आणि जंतुसंसर्गाला आळा ही रोजची काळजी कोणत्याही यंत्राने सुटत नाही. हत्तीपाय झाल्यावर मोठ्या शहरातील रुग्णालयाचा शोध घेण्याऐवजी, एका पायावर वारंवार येणारी सूज किंवा पांढरी लघवी दिसताच डॉक्टरांना दाखवावे, आणि सामूहिक औषधवाटपाच्या गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात.