टाकाऊ फेराइट गाभे आणि घरगुती रेडिओ-व्यत्यय

मध्यम लहरींवरील केंद्र ऐकत असता अखंड खरखर सुरू व्हावी आणि जवळचा एलईडी दिवा मालविताच ती थांबावी, हा अनुभव आता घरोघरी येतो. अशा दिव्यांतील व मोबाइलच्या चार्जरमधील मंडले विद्युत्प्रवाह सेकंदास हजारो वेळा जोडतात व तोडतात. ही क्रिया ६५ किलोहर्ट्झ कंप्रतेने होत असेल, तर तिची नववी पट ५८५ आणि बारावी पट ७८० किलोहर्ट्झवर, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या मध्यम लहरींच्या पट्ट्यातच पडते. उपकरणाची वायर तेव्हा एरियलचे कार्य करू लागते. मोडीत निघालेल्या उपकरणातील फेराइट गाभा त्या वायरीवर बसविणे हा स्वस्त उपाय होय. तथापि हाती आलेला कोणताही गाभा चालतो, ही समजूत मात्र बरोबर नाही.

उपकरणास लागणारा ५० हर्ट्झचा प्रवाह एका तारेने जातो व दुसरीने परततो. सर्व तारा एकत्र गाभ्यातून नेल्यास या प्रवाहांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांस निष्प्रभ करतात व गाभा संतृप्त होत नाही. जो व्यत्यय-प्रवाह सर्व तारांतून एकाच दिशेने वाहतो, त्यालाच गाभ्याचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण अडथळा, जाणवतो. संरोधाचा एक भाग प्रवर्तकी व दुसरा रोधी असतो. तरंगलांबीच्या मानाने आखूड असलेली वायर धारित्राप्रमाणे वागते. त्यामुळे केवळ प्रवर्तकी भाग वाढविल्यास अनुनाद होऊन व्यत्यय उलट वाढण्याचाही संभव असतो. रोधी भाग मात्र ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. ग्राहकातील एरियलच्या फेराइट कांडीत जी ऊर्जाहानी दोष ठरते, तीच येथे गुण ठरते.

ही हानी कोणत्या कंप्रतेस होईल, हे द्रव्यावर अवलंबून आहे. पार्यता जितकी अधिक, तितक्या कमी कंप्रतेस ती ढासळते व हानी वाढू लागते, हा संबंध फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील स्नूक यांनी १९४८ मध्ये मांडला. मँगॅनीज-जस्त फेराइटची पार्यता सामान्यतः दोन हजार किंवा अधिक असते. ते मध्यम लहरींस उपयुक्त ठरते. निकेल-जस्त फेराइट प्रामुख्याने काही मेगाहर्ट्झच्या वर प्रभावी असते. संगणकाच्या जुन्या केबलींवरील गाभे बहुधा या दुसऱ्या वर्गातील असतात. अशा गाभ्यातून वायर एकदाच नेल्यास सुमारे १ मायक्रोहेन्री प्रवर्तकत्व मिळते, असे धरल्यास १ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा जेमतेम ६ ओहम भरतो. संरोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने १० वेढ्यांनी तो सुमारे ६०० ओहम होईल. परंतु त्या लहान छिद्रात इतके वेढे क्वचितच मावतात.

म्हणून गाभा वापरण्यापूर्वी तपासणे अवश्य आहे. लेप नसलेल्या पृष्ठभागावर मल्टिमीटरची टोके टेकविली असता मँगॅनीज-जस्त फेराइट मोजण्याजोगा रोध दाखविते. निकेल-जस्त फेराइटमध्ये वहन जवळजवळ आढळत नाही. लेप असल्यास दहा वेढे देऊन प्रवर्तकत्व मोजावे. संगणकाच्या वीजपुरवठा-पेटीतील पिवळे-पांढरे कडे बहुधा फेराइटचे नसून लोहचूर्णाचे असते आणि त्याची पार्यता शंभराच्या आत असते. त्याच पेटीच्या प्रवेशमुखाजवळील, दोन समान वेटोळी असलेले कडे या कामी अधिक योग्य होय. दोन अर्धे जोडून होणाऱ्या गाभ्यात फट राहिल्यास पार्यता एकदम घटते, हेही ध्यानात ठेवावे.

व्यत्ययाचा उगम शोधण्यासाठी ग्राहक बॅटरीवर चालवून घरातील उपकरणे एकेक बंद करावीत. गाभा उगमाजवळच बसवावा. वायरीचे आवरण सोलू नये व भूतार वेगळी काढू नये. जुन्या चित्रनलिकेच्या दूरदर्शन संचात बंद केल्यावरही उच्च दाबाचा विद्युत्भार राहत असल्याने त्यातील गाभा जाणकारानेच काढावा. व्यत्यय शेजारच्या घरातून अथवा थेट उपकरणाच्या अंगातून येत असेल, तर आपल्या वायरीवरील गाभा निरुपयोगी ठरेल. टाकाऊ वस्तू फुकट मिळते, परंतु तिचे गुणधर्म अज्ञात असतात. ते मोजून घेणे हीच तिची खरी किंमत होय.