सर्पगंधेच्या मुळात काय सापडले?

मंडळी, सर्पगंधेचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या रानात वाढणारे हे गुडघा-मांडीएवढे झुडूप. एकेका पेरावर तीन-तीन पाने भोवताली येतात. फुले पांढरी, त्यांचे देठ तांबडे, आणि फळ पिकले म्हणजे काळे-जांभळे. मूळ मात्र कडू जहर. ते चाखून पाहू नका. का ते पुढे येईलच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या औषधी वनस्पतींच्या एका ग्रंथात अशी नोंद आहे की, दक्षिण कोकणातून मुंबईस येणारे मजूर या मुळाचा तुकडा जवळ बाळगीत. पोटात कळ आली की उपयोगी पडतो म्हणून. बिहारकडे हेच मूळ ‘पागल की दवा’ म्हणून विकले जाई. कोणी तापावर देत, कोणी साप चावल्यावर उगाळून देत. (सापावर त्याचा काही उपयोग नाही. साप चावला तर उगाळीत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.)

आता एकाच मुळाचे इतके गुण ऐकले म्हणजे विचारी माणूस बुचकळ्यात पडतो. यातले खरे किती आणि ऐकीव किती? रसायनशास्त्रज्ञ निराळाच प्रश्न विचारतो. तो म्हणतो, मुळात आहे तरी काय?

मूळ म्हणजे काही एक जिन्नस नव्हे. त्यात चोथा आहे, पिठूळ भाग आहे, राळ आहे, रंग आहे, आणि या सगळ्या गर्दीत शेकडा एक-दोन भाग ‘अल्कलॉइड’ नावाची द्रव्ये आहेत. तंबाखूतले निकोटीन आणि हिवतापावरचे क्विनीन ही याच जातीची. ही द्रव्ये गर्दीतून वेगळी काढण्याची युक्ती सोपी आहे. आम्ल घातलेल्या पाण्यात ती विरघळतात, चोथा-राळ मागे राहते. मग त्या पाण्यात अल्कली घातली की ती पुन्हा सुटी होतात. सुटे झालेले द्रव्य कोणते, हे ओळखण्यासाठी रंगाच्या परीक्षा असतात. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या घरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तीही रासायनिक परीक्षाच.

याच रीतीने दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळातून पाच निरनिराळी अल्कलॉइडे वेगळी काढली. त्यांतल्या एकाचे नाव हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे ठेवले. त्याच वर्षी कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, या मुळाने रक्तदाब उतरतो आणि पिसाट झालेला रोगी शांत होतो.

पण इथे एक गोम निघाली. सबंध मूळ दिले म्हणजे जी गुंगी येते, ती या स्वच्छ अल्कलॉइडांनी येईना. मग गुण गेला कुठे? तो होता मागे राहिलेल्या चिकट राळेत! जे सहज स्फटिकरूपाने निघते त्यामागे सगळे लागतात; राळ म्हणजे हाताला चिकटणारा, ना धड घट्ट ना पातळ असा गोळा. त्यातून काही वेगळे काढायचे म्हणजे चिकाटी हवी.

मध्यंतरी मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना या मुळाच्या गोळ्या देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या ब्रिटनमधील हृदयरोगांच्या नियतकालिकात छापल्या. त्यानंतर परदेशी डॉक्टरांचे लक्ष इकडे वळले. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी राळेच्या त्या भागातून स्फटिक मिळविलेच. त्याला नाव दिले ‘रेसर्पीन’.

द्रव्य हाती आले, पण त्याची घडण कशी आहे? एखादी अनोळखी गाडी कशी जोडली आहे हे कळायला ती सुटी करून पाहावी लागते. रेसर्पीन अल्कलीबरोबर उकळले तेव्हा त्याचे तीन तुकडे झाले. तिन्ही ओळखले, सांधे कुठे होते ते ताडले. कार्बनचे ३३ अणू, हायड्रोजनचे ४०, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ९, असा हा रेणू. त्यात सहा कोपरे असे आहेत की प्रत्येक कोपरा दोन तऱ्हांनी बसू शकतो, डाव्या-उजव्या वहाणेसारखा. दोनाला दोनाने सहा ठिकाणी गुणत गेलात तर ६४ रचना होतात. सर्पगंधेच्या मुळात त्यांपैकी एकच असते.

अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ साली साध्या द्रव्यांपासून पायरीपायरीने नेमकी तीच रचना बांधली. शेवटाजवळ एक कोपरा उलटा बसत होता, कारण रेणूला तीच बैठक सोयीची. वुडवर्ड यांनी रेणूची दोन टोके एकमेकांस जोडून त्याला असा जखडला की ती बैठकच अवघड झाली. मग तापवल्यावर कोपरा आपणहून फिरला. अशी कारागिरी पाहिली की मला तरी सुतारकामाची आठवण होते.

यामुळे कारखान्यांनी मुळे घेणे सोडले का? नाही. इतक्या पायऱ्यांपेक्षा मुळातून काढणे स्वस्त, म्हणून ते चालूच राहिले, आणि पुढे पुष्कळसे आफ्रिकेतील सर्पगंधेच्या भाऊबंद झाडातून. पण ‘झाडातले ते सोज्ज्वळ, प्रयोगशाळेतले ते विषारी’ हा समज मात्र इथे टिकत नाही. बांधलेले आणि मुळातले रेसर्पीन एकच.

गुरुजींनी फळ्यावर एक हिशेब मांडावा. वाळलेल्या मुळात हजारात एक भाग रेसर्पीन धरा. एक किलो मुळांत एक ग्रॅम, म्हणजे एक हजार मिलिग्रॅम. रोजची मात्रा पाव मिलिग्रॅम, तर किलोभर मुळांत चार हजार मात्रा. एका मात्रेला मुळाची पूड अवघी पाव ग्रॅम. ही झाली चिमूट! आणि सगळी मुळे सारखी नसतात. अल्कलॉइड मुख्यतः सालीत. शिवाय जागा, हंगाम, झाडाचे वय यांप्रमाणे प्रमाण बदलते, आणि बाजारात तिच्या जातभाईंची मुळेही मिसळतात. चिमटीला हे कसे कळावे?

चुकीची किंमत मोठी आहे. मज्जातंतूंच्या टोकांशी निरोप पोचविणारी द्रव्ये साठवलेली असतात. रेसर्पीन ती साठवण रिकामी करते. म्हणून रक्तदाब उतरतो, आणि म्हणूनच नाक चोंदते, पोटात व्रण होऊ शकतो, काहींना घोर उदासीनता येते. आज डॉक्टर रक्तदाबावर बहुधा दुसरी औषधे देतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने ती सोडून कोणी आणून दिलेली पूड घेऊ नये, एवढे त्यांना समजावून सांगा. मूळ खणले की झुडूप मरते, हीही गोष्ट आहेच; १९९० पासून सर्पगंधेच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

भेसळ ओळखण्याची रीत मुलांना वर्गात दाखवता येईल. पांढऱ्या खडूच्या बुडापासून दोन बोटे वर काळ्या स्केचपेनने रेघ काढा आणि खडू वाटीतल्या बोटभर पाण्यात उभा करा. पाणी वर चढताना काळ्या शाईतले निळे, तांबडे, पिवळे रंग मागेपुढे वेगळे होतात. प्रयोगशाळेत शाईऐवजी मुळाच्या अर्काचा थेंब असतो आणि खडूऐवजी लेप दिलेली काच. खऱ्या सर्पगंधेचे ठिपके एका ओळीने पडतात, दुसऱ्या मुळाचे निराळ्या ओळीने. खडू मात्र कोरडा घ्या, आणि रेघ पाण्यात बुडू देऊ नका.