गिल्मर, डेव्हिड

(६ मार्च १९४६ – ). ब्रिटिश रॉक गिटारवादक, गायक व संगीतरचनाकार. जन्म केंब्रिज येथे. १९६८ पासून पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा तो गिटारवादक होता. वाद्यवृंदाच्या कीर्तीमुळे त्याच्या डेव्हिड गिल्मर (१९७८) व अबाउट फेस (१९८४) या पहिल्या दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रिका झाकोळल्या गेल्या. पहिलीत बास व ड्रम यांची मोजकी साथ आहे, तर दुसरीवर त्या दशकातील भरगच्च ध्वनियोजनेची छाप दिसते. बावीस वर्षांनंतर, साठाव्या वाढदिवशी, ऑन ॲन आयलंड (२००६) प्रसृत झाली. त्याच वर्षी पहिल्या दोन पुन्हा निघाल्याने तिन्हींचा एकत्र आस्वाद घेणे सुलभ झाले. रॅटल दॅट लॉक (२०१५) नंतरच्या लक अँड स्ट्रेंज (२०२४) मध्ये वार्धक्य व मृत्यू हे प्रमुख विषय आहेत. २००८ मध्ये निधन पावलेला सहकारी रिचर्ड राइट याचे २००७ मधील वादन तीत अंतर्भूत असून, कन्या रोमनी हिचे गायनही आहे. ध्वनियोजना काळानुसार पालटली. परंतु मोजके, दीर्घ स्वर आणि सतारीच्या मींडेप्रमाणे तार ओढून स्वर चढविण्याची त्याची शैली कायम राहिली. हे सातत्य या ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकल्यासच ध्यानात येते.