अ‍ॅडव्हेंटिस्ट त्र्यैक्य मानतात का?

नशिराबादच्या एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला भुसावळ. या भागात अलायन्स मिशनने रुजवलेली ख्रिस्ती परंपरा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिएक देव मानते. शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्टांविषयी मात्र इतर ख्रिस्ती पंथ जुनीच शंका काढतात : हे त्र्यैक्य मानतात का?

शंकेला आधार आहे. १८६३ साली अमेरिकेत संघटित झालेल्या या पंथाचे जेम्स व्हाइट, युरायह स्मिथ यांच्यासारखे आरंभीचे पुढारी त्र्यैक्य नाकारत. १८९८ मध्ये पंथाच्या सहसंस्थापिका एलन व्हाइट यांचे ‘द डिझायर ऑफ एजेस’ आले; त्यात ख्रिस्ताचे देवत्व मूळचे, कुणाकडून न मिळालेले, असे ठाम मांडले होते. तिथून वारे फिरले. पंथाच्या १९३१ च्या निवेदनात त्र्यैक्य आले आणि १९८० मध्ये डलासच्या अधिवेशनाने ते मूलभूत श्रद्धांत नोंदवले.

तरी वाद उरलाच. मीखाएल हा आद्यदूत म्हणजे ख्रिस्तच, या शिकवणीवर टीकाकार बोट ठेवतात. मीखाएल हे ख्रिस्ताचेच एक नाव आहे, तो निर्मित देवदूत नव्हे, हे अ‍ॅडव्हेंटिस्टांचे उत्तर. उलट पंथातलेच काही गट ‘पूर्वजांच्या मताकडे परत चला’ म्हणत त्र्यैक्याला विरोध करतात.

माझ्या मते आजच्या अ‍ॅडव्हेंटिस्टांना दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखांवरून पाखंडी ठरवणे अन्यायाचे आहे. शंका असेल त्याने आधी पंथाचे आजचे श्रद्धापत्रक वाचावे.