केसांचा जमाखर्च

नागपूरच्या माणसाला 'सीताबर्डी' म्हणायला सवड नसते. तो नुसते 'बर्डी' म्हणतो. १८१७ मध्ये ज्या टेकडीवर भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, तिच्या पायथ्याशी आता साड्या, चपला, चष्मे आणि संत्र्याची बर्फी यांची लढाई चालते. आम्हा मध्यमवर्गीयांची निम्मी खरेदी बर्डीला आणि निम्मे डॉक्टरही बर्डीलाच. तेव्हा बर्डीला जाण्यात मला काही नवल वाटायला नको होते. पण जानेवारी २०२५ मधल्या एका शनिवारी मी निघालो तो अगदी चोरासारखा. बरोबर माझी सोळा वर्षांची मुलगी होती. तिच्या डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली होती, आणि 'कोणी ओळखीचे भेटले तर दाताच्या डॉक्टरांकडे चाललो आहोत असे सांगा,' अशी घरातून सक्त ताकीद होती.

झाले होते ते असे. दसऱ्याच्या आदल्या रात्री सौ. तिची वेणी घालीत असताना कानामागे रुपयाएवढी जागा अगदी गुळगुळीत लागली. माझ्या आईने चष्मा पुसून पाहिले आणि निदान केले : चाई! केसांना किडा लागला. मग काय विचारता? लसूण ठेचून चोळून झाला. जाहिरातीतले एक महागडे तेलही मी गुपचूप आणले. लसणाने कातडी भाजली, तेलाने उशीचे अभ्रे खराब झाले, आणि एका चाईच्या तीन चाया झाल्या. पोरीने पोटदुखीचे निमित्त करून कॉलेजात जाणे सोडले. त्यात माझ्या वडीलबहिणीचा सल्ला आला, "कुणाजवळ बोलू नका बाई, उद्या स्थळे यायची आहेत."

खरे सांगायचे तर या सगळ्यात मला माझाच राग येत होता. माझ्या डोक्याने चाळिशीपूर्वीच मैदान मोकळे केले आहे. वर्गातली पोरे माझ्यामागे मला काय म्हणतात, हे मला पाठ आहे. पुरुषाचे टक्कल ही थट्टेची बाब, आणि बाईचे केस गेले की ती मान खाली घालण्याची बाब! याचे मूळ दूर शोधायला नको. विधवेचे केस काढून तिला जन्माची शिक्षा देणारा समाज आपलाच. त्या चालीविरुद्ध १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवली आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. हे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि घरी मात्र पोरीच्या डोक्याला ओढणी बांधू देतो!

असो. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. बाकावर बसलेल्या मंडळींत टोपी न काढणारा एक तरुण होता, मांडीवर तान्हे घेऊन बसलेली एक ओलीबाळंतीण होती, आणि खामगावहून लेकीला घेऊन आलेले एक शेतकरी गृहस्थ होते. डॉक्टरबाई त्वचारोगाच्या, आणि त्यांचा विशेष अभ्यास केसांचा. पहिला रोगी आत असताना दुसऱ्याला पडद्याअलीकडे बसवण्याची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे खामगावच्या गृहस्थांचे बोलणे माझ्या कानांवर आले.

"मॅडम, शेगावाकडे टकलाची साथ चालू हाये ना, आमच्या पोरीचे बी केस पुंजक्या-पुंजक्यानं जाऊन राह्यले!"

बाईंनी शांतपणे विचारले, "तीन महिन्यांपूर्वी हिला काय झाले होते?"

गृहस्थ गोंधळले. मग आठवले, की दिवाळीआधी मुलीला टायफॉइड झाला होता आणि ती पंधरा दिवस अंथरुणावर होती.

"मग हे त्याचेच," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी केसांचा जो जमाखर्च सांगितला तो वाचकांनीही ऐकण्यासारखा आहे. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतले दहापैकी नऊ वाढीला लागलेले असतात आणि बाकीचे विश्रांती घेत असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग तीनएक महिने विसावा घेतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर केस जाणे हा नेहमीचा खर्च. परंतु मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमार झाली की शरीर काटकसरीला लागते आणि पुष्कळ केसांना एकदमच विश्रांतीला धाडते. हे सारे दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. म्हणजे आज कंगव्यात आलेला पुंजका ही आश्विनातल्या तापाची पोच असते! मुळे शाबूत असतात. काही महिन्यांत केस पुन्हा येतात. बाईंनी रक्तातले लोह आणि थायरॉइड तपासायला सांगितले, जेवणात डाळ-उसळ वाढवायला सांगितली, आणि तेलाची एकही बाटली लिहून दिली नाही.

"आणि शेगावचे?" गृहस्थांनी विचारले.

"तेथे तीन-चार दिवसांत टक्कल पडते आहे. ते निराळे दिसते. कारण कळेपर्यंत त्याला साथ म्हणू नका. शेजारी शेजाऱ्याला घरात घेणार नाही."

मग आमची पाळी आली. बाईंनी ओढणी सोडवली आणि चाईच्या कडेला एक भिंग लावून मला पाहायला बोलावले. तुटके, आखूड केस होते. वर जाड आणि मुळाशी बारीक. "याला आम्ही उद्गारचिन्हासारखा केस म्हणतो," त्या म्हणाल्या. उभा जन्म मुलांच्या निबंधांतली फाजील उद्गारचिन्हे खोडण्यात गेलेला मी. ती माझ्याच लेकीच्या डोक्यावर भेटतील असे वाटले नव्हते!

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. चाईत किडा नसतो, घाण नसते, आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून केसांच्या मुळांना परके समजून त्यांच्यावर चाल करून जातात. मुळे मरत नाहीत, म्हणून केस बहुधा परत येतात. पण चाई पुन्हा पडणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. थोड्या चाया असतील तर तेथेच बारीक सुईने औषध टोचायचे, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. सगळे डोकेच जाऊ लागले तर आता पोटात घ्यायच्या गोळ्याही आहेत. त्यांतल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मात्र त्या रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. लसणाबद्दल आमची जी कानउघाडणी झाली, ती येथे देत नाही.

जाता जाता बाईंची नजर माझ्या डोक्याकडे गेली. माझे टक्कल आनुवंशिक, पुरुषी संप्रेरकांचे. त्यावर लावायचे मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि वैद्यांच्या ध्यानात आले. १९८८ मध्ये अमेरिकेत ते टकलासाठी मान्य झाले. लावीत राहावे लागते, सोडले की मिळवलेले जाते. मी हात जोडले. मुलगी हसली. तीन महिन्यांत प्रथमच.

पुढे फेब्रुवारीत शेगावची उकल वर्तमानपत्रांत आली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत केस जाण्यास सुरुवात झाली होती. पाहता पाहता अठरा गावांतली २७९ माणसे त्यात सापडली. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला, कोणी बुरशीला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पथकेही आली. विंचूदंशावरील संशोधनामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही शोध घेतला आणि बोट ठेवले रेशनच्या गव्हावर. त्यात सेलेनियम फार होते आणि तो पंजाबाकडून आला होता, असे त्यांनी जाहीर केले. बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळले, असेही त्यांनी सांगितले. सेलेनियम शरीराला हवेच, पण मोठ्या माणसाला दिवसाला अवघे पंचावन्न मायक्रोग्रॅम! अतिरेक झाला की केस आणि नखे जातात. चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या आरंभी हेच घडले होते. एप्रिल २०२५ मध्ये शेगावाकडच्या काही जणांची नखेही गळू लागली.

ती बातमी मी मुलीला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, ती माणसे डोके झाकून घरात बसली असती तर?"

या प्रश्नाने मला निरुत्तर केले. त्या खेड्यांतल्या बायाबापड्यांनी चारचौघांत डोकी उघडी करून दाखवली, म्हणून तर मोजदाद झाली आणि पाणी, रक्त, केस, धान्य तपासले गेले. त्यांनी लाज धरली असती, तर गव्हावर कोणाचे लक्षही गेले नसते. आणि आम्ही शिकलेसवरलेले? रुपयाएवढ्या चाईसाठी तीन महिने लसूण चोळीत बसलो!

चाईत प्रथम आले ते म्हाताऱ्याच्या केसांसारखे पांढरे, मऊ लव. मग ते हळूहळू काळे झाले. एक चाई अद्याप आहे. मुलगी मात्र ओढणी न बांधता कॉलेजात जाते. परवा दिवाळीच्या खरेदीला आम्ही बर्डीला गेलो, तेव्हा माझे एक सहकारी सपत्नीक भेटले. जानेवारीत ते आम्हांला त्या दवाखान्याच्या जिन्यावर भेटले होते आणि मी ठरल्याप्रमाणे थाप मारली होती.

"काय, कन्येचे दात बरे आहेत ना?" त्यांनी विचारले.

मी चाचरलो. पोरगीच म्हणाली, "दात नव्हते काका, चाई होती. ही पाहा, एक अजून आहे."

सहकाऱ्यांच्या पत्नीने भोवतालच्या गर्दीकडे एकवार पाहिले, डोक्यावरचा पदर किंचित मागे सारला आणि हलकेच विचारले, "त्या डॉक्टरबाई संध्याकाळी किती वाजेपर्यंत असतात गं?"