साठवणीच्या पाण्यातील गप्पी मासा : एक उपाय व दोन शब्द

परभणी जिल्ह्यातील सेलू येथील एखाद्या जुन्या वाड्यात परसातला हौद, न्हाणीजवळचा रांजण आणि पत्र्यावरून उतरणारे पावसाचे पाणी पन्हाळीखाली झेलणारे पिंप आजही एकाच वेळी दृष्टीस पडतात. जेथे वर्षाचा बहुतेक पाऊस मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांतच पडून जातो, तेथे साठविलेले पाणी ओतून देणे सोपे नसते. आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगते. घागर-कळशीच्या बाबतीत हे जमते. परंतु भरलेला हौद दर आठवड्यास उपसून पुन्हा कोणत्या पाण्याने भरावयाचा? गप्पी माशाचे प्रयोजन नेमके येथे आहे.

डासाची अंडी, अळी, कोश व पूर्ण डास हा प्रवास उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो. अळी पाण्यात राहते खरी, पण श्वासासाठी तिला पृष्ठभागाशी यावेच लागते. आणि गप्पीचे वर वळलेले तोंड तेथील भक्ष्य टिपण्यास सोयीचे असते. हा मासा अंडी न घालता, साधारणतः महिन्याच्या अंतराने, जिवंत पिल्ले देतो. त्यामुळे हौदात एकदा रुजला की तो सहसा पुन्हा आणावा लागत नाही. मात्र डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतील बाजूस चिकटलेली असतात व कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. तेथवर मासा पोचत नाही. सबब, मासे असले तरी पाणी उतरेल तेव्हा हौदाच्या भिंती घासाव्याच लागतात.

‘गप्पी’ या नावाचा गप्पांशी संबंध जोडण्याचा मोह होतो. आमच्या एका विद्यार्थ्याने तो जोडलाही होता. वस्तुतः हे आडनाव होय. रॉबर्ट जॉन लेचमियर गपी यांनी त्रिनिदादहून पाठविलेल्या नमुन्यांवरून आल्बर्ट ग्युंटर यांनी १८६६ मध्ये या माशास गपींचे नाव दिले. परंतु विल्हेल्म पीटर्स यांनी त्याचे वर्णन १८५९ मध्येच केलेले होते. प्राधान्याच्या नियमाने पीटर्स यांचे ‘रेटिक्युलाटा’ हे नाव शास्त्रात राहिले आणि गपी लोकव्यवहारात उरले. मराठीत येताना त्याचे व्याकरणही पालटले. इंग्रजीत जे स्वतंत्र नाम, ते येथे विशेषणाच्या जागी बसले : गप्पी मासा, गप्पी मासे, गप्पी माशाला. लोभी, हट्टी या ईकारान्त विशेषणांप्रमाणे ते अविकारी राहते.

उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. याच कामासाठी १९२८ मध्ये भारतात आणलेला गॅम्बुसिया इतर माशांची अंडी-पिल्लेही खातो, असे पुढे दिसून आले. गप्पीही परकाच; तो हौदात ठेवावा, दुधनेच्या पात्रात सोडू नये. शिवाय २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार माशांमुळे अळ्या घटल्याचे काही अभ्यासांत आढळले असले, तरी हिवताप घटतो असे म्हणण्याइतका पुरावा मिळालेला नाही.

भाषेच्या अभ्यासकास अधिक विचार करावयास लावणारा शब्द ‘अळी’ हा होय. कापूस पिकविणाऱ्या या भागात अळी म्हटले की बोंडअळी आठवते. हौदात वळवळणाऱ्या जीवांस घरातील मंडळी ‘पाण्यातले किडे’ म्हणतात आणि फडक्याने पाणी गाळून घेतले की निश्चिंत होतात. हाच किडा पुढे डास होतो, हे त्या शब्दांत कोठेच नाही. आणि ते ठाऊक नसेल तर मासा कशासाठी पाळावयाचा, हेही उमगत नाही. सेलूच्या एका वाड्यातील आजींनी प्रस्तुत लेखकास विचारले, “मासे सोडल्यावर हे पाणी देवाला कसं चालायचं?” ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. पिण्याचे व पूजेचे पाणी झाकून वेगळे ठेवावे, मासे केवळ वापराच्या पाण्यात सोडावेत, असे ठरले. मग हौदातील काही अळ्या काचेच्या पेल्यात घेऊन वर फडके बांधून ठेवले. चार दिवसांनी फडक्याखाली डास बसलेले आजींनी स्वतः पाहिले. “म्हणजे ही डासाचीच पिल्लं की!” त्या म्हणाल्या. खात्याच्या कोणत्याही पत्रकात हा शब्द आम्हांस आढळलेला नाही. आता हौदात ब्लीचिंग पावडर टाकावयाची असली की आजी आधी मासे बादलीत काढून घेतात.